तीन वर्षे आधीचा कागद

चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण. लष्करी दप्तरात तिचे नाव ‘१/१४ पंजाब’. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी या पलटणीच्या मेसमध्ये जेवायला बसणाऱ्या हिंदी अधिकाऱ्यांची नावे ओळीने मांडली, तर उपखंडाच्या पुढच्या तीस वर्षांच्या राजकारणाची अनुक्रमणिकाच हाती येते. मोहनसिंग या पलटणीचे. १९४१ च्या डिसेंबरात मलायात जपान्यांच्या हाती सापडले, तिथेच त्यांनी पहिली आझाद हिंद सेना उभी केली आणि स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत बसले. लाल किल्ल्यातल्या खटल्याचे शाहनवाज खान आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ याच पलटणीचे. शाहनवाज १९५२ मध्ये मेरठमधून लोकसभेवर गेले आणि उपमंत्री झाले. आझाद हिंद सेनेच्या डिव्हिजनचे नेतृत्व करणारे मोहम्मद जमान कियानी इथलेच. आणि १९५८ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानची सत्ता ताब्यात घेणारे अयुब खानही इथलेच.

याच मेसमध्ये कोल्हापूरकडचा एक अधिकारी होता. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. लष्करात त्यांना ‘एस. पी. पी.’ म्हणत. सोबत्यांपैकी कोणी बंड केले, कोणी निवडणूक लढवली, कोणी देशच खिशात घातला. थोरात यांतल्या कुठल्याच वाटेला गेले नाहीत. तरीही शिपाई आणि सत्ता यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर या सगळ्यांत अधिक शिकवणारे चरित्र त्यांचे आहे. त्या चरित्राच्या मध्यावर आहे लखनौहून दिल्लीला गेलेला एक कागद.

पाटलांचा मुलगा

थोरातांचा जन्म १९०६ चा, कोल्हापूरच्या परिसरातल्या वडगावचा. घराण्याचे आडनाव थोरात, पण वडिलांनी पाटील हेच नाव लावले. डॉ. पांडुरंग चिमणाजी पाटील हे नाव शेतीशास्त्रात आजही आदराने घेतले जाते. कुणबी घरातला मुलगा शास्त्र शिकतो आणि शेतीच्या प्रश्नांवर अधिकारवाणीने बोलतो, ही गोष्ट शाहू महाराजांच्या काळात नवलाची होती आणि त्या काळाची खूणही होती. त्या पिढीला लेखणी मिळाली. पुढच्या पिढीतल्या शंकररावांना तलवार मिळाली, पण ती जुन्या सरंजामदारांची नव्हती. परीक्षा देऊन, कमिशन घेऊन कमरेला लावायची होती.

कोल्हापूरला शिपाईगिरी नवी नव्हती. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावाच्या नावातच ती बसली आहे. मात्र पिढ्यान्‌पिढ्या या भागातून गेले ते शिपाई, नाईक, हवालदार, फार तर सुभेदार. गोऱ्या लेफ्टनंटच्या बरोबरीचे ‘किंग्ज कमिशन’ हिंदी माणसाला बंद होते. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजांनी रक्त सांडले तेव्हा ते दार किलकिले झाले. १९१८ पासून इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात दरवर्षी दहा जागा हिंदी तरुणांसाठी राखल्या गेल्या. साऱ्या देशातून दहा! त्यांतली एक थोरातांना मिळाली आणि १९२६ मध्ये ते अधिकारी होऊन बाहेर पडले. त्यांचे जिवलग मित्र आणि पुढचे लष्करप्रमुख कोडंदेरा थिमय्याही त्याच साली बाहेर पडले.

दार उघडले तरी उंबरा उंच ठेवला होता. हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्याने काम करायची वेळ येऊ नये म्हणून सरकारने १९२३ मध्ये आठ पलटणी निवडल्या आणि नव्या हिंदी अधिकाऱ्यांना तेवढ्यांतच नेमायचे ठरवले. १/१४ पंजाब ही त्या आठांतली एक. मोहनसिंगांपासून अयुब खानांपर्यंतचे सगळे एकाच मेसमध्ये जमले, त्यात योगायोग थोडा आणि गोऱ्यांची ही तजवीज अधिक होती. वेगळे काढून एकत्र बसवलेल्या तरुणांनी आपापसांत काय बोलावे, यावर मात्र सरकारचा हुकूम चालत नव्हता.

वझिरीस्तानची शाळा

त्या काळच्या हिंदी सैन्याची खरी शाळा म्हणजे वायव्य सरहद्द. बन्नू, रझमक, वझिरीस्तान ही नावे त्या पिढीच्या सैनिकांच्या घरात पंढरपूर-तुळजापूरइतकी ओळखीची होती. थोरातांची उमेदवारीही याच सरहद्दीवर झाली.

तिथली रोजची लढाई होती रस्ता उघडण्याची. दोन्ही बाजूंना उघडे बोडके डोंगर, मधून रस्ता, आणि त्या रस्त्याने रसदीचा ताफा जायचा. ताफा निघण्याआधी तुकड्यांनी दोन्हीकडची टेकाडे चढायची, माथ्यावर चौक्या बसवायच्या, ताफा पुढे सरकला की खाली यायचे आणि पुढचे टेकाड गाठायचे. चढताना पठाण सहसा गोळी झाडत नसे. तो उतरण्याच्या क्षणाची वाट पाहत बसे, कारण तेव्हा पाठ उघडी पडते. काल ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने आज गेलात, तर वाटेत कोणीतरी तुमची वाट पाहत असणार हे धरूनच चालायचे.

या शाळेचा मुख्य धडा रसदीचा होता. शिपाई कितीही शूर असो, ज्या चौकीपर्यंत पाणी, दारूगोळा आणि कुमक पोचत नाही ती चौकी शत्रूच्या सोयीसाठीच बांधलेली असते. पन्हाळा-विशाळगडाच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कोल्हापूर दरबारातल्या रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त गडांवर इतके विस्ताराने लिहिले ते यासाठीच. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, ही त्यांच्या शिकवणीतली पहिली अट. थोरातांनी तेच गणित वझिरीस्तानच्या उन्हात सोडवले. पुढे हिमालयात त्याच गणिताने त्यांना इतरांहून वेगळे उत्तर दिले.

कंगाव आणि कोरिया

जानेवारी १९४५. ब्रह्मदेशातल्या अराकान किनाऱ्यावर कंगाव नावाचे खेडे. जपान्यांची माघारीची वाट इथून जात होती. खाड्या, चिखल आणि खारफुटीतून होड्यांनी सैन्य उतरवून ती वाट तोडायची होती. कामगिरी एक्कावन्नाव्या ब्रिगेडकडे आली. तिच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते, आणि ही गोष्ट तोवर घडली नव्हती. थिमय्या हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीवर, एल. पी. सेन बलुच पलटणीवर आणि थोरात २/२ पंजाबवर. ‘मेलरोज’ असे सांकेतिक नाव दिलेल्या टेकडीवर जपानी पाय रोवून बसले होते. आधीच्या हल्ल्यांनी ती पुरती हाती आली नाही. महिनाअखेरीस थोरातांच्या पलटणीने संगिनींनिशी चढून ती घेतली. तिघांनाही डी. एस. ओ. हा मोठा शौर्यसन्मान मिळाला. हिंदी अधिकारी पलटणीचे नेतृत्व करू शकेल का, ही लंडनच्या क्लबांमधली जुनी चर्चा त्या टेकडीवर संपली.

आठ वर्षांनी कसोटी अगदी वेगळी होती. कोरियन युद्ध २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीने थांबले. पण मायदेशी परतायला तयार नसलेल्या सुमारे २२,६०० चिनी व उत्तर कोरियन युद्धकैद्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. त्यांना सांभाळण्यासाठी भारताने फौज पाठवली. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि रक्षक दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाऊल ठेवू नये, असा दक्षिण कोरियाच्या सिंगमन री यांचा हट्ट. त्यामुळे आपले जवान बोटींवरून उचलून हेलिकॉप्टरने थेट दोन सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरवले गेले. तिथल्या तंबूंच्या वसाहतीला नाव पडले ‘हिंदनगर’.

एके दिवशी कैद्यांनी एका भारतीय मेजरला त्यांच्या कुंपणाआड ओढून ओलीस धरले. जमाव बिथरलेला. बाहेरून गोळीबार केला तर मेजरचा जीव जाणार आणि शेकडो कैद्यांचाही. थोरात मोजके सहकारी घेऊन त्या गर्दीत शिरले आणि बोलत राहिले. ताण सैल होत गेला, शेवटी मेजर बाहेर आला. गोळी न झाडता मिळवलेल्या या यशाबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, मिळाले. संगिनीसाठी डी. एस. ओ. आणि संयमासाठी अशोकचक्र, असे दोन टोकांचे सन्मान एकाच छातीवर क्वचित दिसतात.

लखनौचा कागद

१९५७ पासून लेफ्टनंट जनरल थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. तेव्हा या विभागाचे मुख्यालय लखनौला होते. नागा टेकड्यांतले बंड, पूर्व पाकिस्तानची सीमा आणि उत्तरेला हिमालय, सारे याच मुख्यालयाच्या अखत्यारीत. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश मात्र तोवर लष्कराच्या ताब्यात नव्हता. तिथे आसाम रायफल्सच्या विरळ चौक्या होत्या.

१९५९ साल उजाडले आणि हिमालयाची झोप मोडली. मार्चअखेर दलाई लामा नेफातून भारतात आले. ऑगस्टमध्ये लाँगजू चौकीवर चिन्यांनी गोळीबार केला. लगेच नेफाची सीमा लष्कराकडे सोपवल्याचे पंतप्रधान नेहरूंनी संसदेत जाहीर केले. घोषणा करायला एक दिवस लागला. पण भूतानपासून ब्रह्मदेशापर्यंत जवळपास नऊशे किलोमीटरची मॅकमोहन रेषा, तिच्या अलीकडे घनदाट जंगल, आडव्या डोंगररांगा आणि बहुतेक ठिकाणी खेचराची वाटसुद्धा नाही! ती राखायची कशी, हे लखनौला ठरवायचे होते.

८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी आपले टिपण लष्करी मुख्यालयाला पाठवले. त्यांचा सांगावा थोडक्यात असा. चीन हल्ला करू शकतो, तेव्हा तो करील असे धरूनच तयारी केली पाहिजे. सीमारेषेवरच उभे राहून लढायचे ठरवले, तर आपण हरू. कारण तिबेटच्या पठारावरून चिनी ट्रकने सीमेजवळ पोचतात आणि आपला जवान पाठीवर शिधा घेऊन आठवडाभर चालतो. म्हणून रेषेवर फक्त छोट्या चौक्या ठेवाव्यात. त्यांनी शत्रूची चाहूल द्यावी, त्याला जमेल तेवढे अडवावे आणि मागे यावे. खरी तटबंदी मागे, बोमडिला-झिरो-तेजू अशा ठिकाणी उभारावी. तिथपर्यंत आपली रसद पोचेल, आणि चिनी तिथे येईपर्यंत त्यांची रसद दमलेली असेल. जो जितका पुढे येईल, तितका त्याच्या पाठीमागचा दोर लांबत आणि बारीक होत जातो.

वझिरीस्तानचाच हा धडा होता, फक्त डोंगरांची उंची बदलली होती. पण त्यात राजकारण्याला न पचणारी एक गोष्ट होती. लढाई जिंकण्यासाठी काही दिवस तरी जमीन सोडायची तयारी ठेवा, असे हा कागद सांगत होता. ‘एक इंचही देणार नाही’ अशा भाषणांच्या हंगामात हे वाक्य कोण उच्चारणार?

लष्करप्रमुख थिमय्या यांना टिपण पटले. त्यांनी ते संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यापर्यंत नेले. मेनन यांच्या मते खरा शत्रू पाकिस्तान होता आणि चीनला वाटाघाटींत थोपवता येणार होते. थोरात उगाच घबराट पसरवतात, असा शेरा मारून त्यांनी विषय बाजूला सारला. कागद पंतप्रधानांच्या मेजापर्यंत पोचलाच नाही.

थोरात गप्प बसले नाहीत, पण वर्तमानपत्रांकडेही गेले नाहीत. त्यांनी तीच गोष्ट लष्करी रीतीने पुन्हा मांडली. १७ मार्च १९६० रोजी लखनौला ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव झाला. मोठ्या नकाशावर, दोन्ही बाजूंची खरी संख्याबळे धरून, चीनने हल्ला केला तर काय होईल ते दिल्लीहून आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर दिवसागणिक मांडून दाखवले. निष्कर्ष उघड होता. हाताशी असलेल्या सैन्यात आणि साधनांत नेफा राखता येणार नाही. सराव संपला, नकाशे गुंडाळले गेले.

८ मे १९६१ च्या सुमारास थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागे थोरातांना नेमावे अशी त्यांची शिफारस होती. सरकारने सेवाज्येष्ठ असलेले प्राणनाथ थापर निवडले. थोरातांनी गणवेश उतरवला आणि कोल्हापूरची वाट धरली. त्यांच्या मागे धोरण नेमके उलटे फिरले. वर्षअखेरीस ठरलेल्या ‘पुढे सरका’ धोरणानुसार रेषेलगत, रसदीचा पत्ता नसलेल्या जागी, चौक्या पेरल्या जाऊ लागल्या.

दिल्लीचे बोलावणे

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू ओढ्याच्या काठी चिनी तोफा गरजल्या. उन्हाळी कपड्यांत, मोजक्या काडतुसांवर उभी असलेली सातवी ब्रिगेड काही तासांत मोडली आणि तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी दोन दिवसांनी कैद झाले. पाठोपाठ तवांग गेले. नोव्हेंबरात से ला खिंड आणि बोमडिला गेले. २१ नोव्हेंबरला चीनने स्वतःच युद्धबंदी जाहीर केली, तेव्हा आसामच्या मैदानात तेजपूर शहर रिकामे झालेले होते.

हल्ला सुरू झाल्यावर नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले. त्या भेटीची हकीकत थोरातांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. पंतप्रधानांनी १९५९ चे टिपण मागवून वाचले आणि हे मला तेव्हाच का दाखवले नाही, असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर मेनन यांच्याकडे आहे, एवढेच थोरातांनी सांगितले. तीन वर्षे आधीच्या कागदात चिन्यांच्या चालीचा जो अंदाज होता, तो आता रोजच्या बातम्यांत छापून येत होता. थिमय्यांसह थोरातांना नव्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतले गेले. मेनन गेले, यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे महाराष्ट्र तेव्हा अभिमानाने म्हणत होता. सह्याद्रीच्या कुशीतला एक माणूस तीन वर्षांपूर्वीच हाक मारून आला होता, हे त्या घोषणेत बसले नाही.

दोन वाटा

इथे एक प्रश्न उरतोच. दिल्ली ऐकत नाही असे दिसल्यावर थोरात राजकारणात का उतरले नाहीत?

वाट अनोळखी नव्हती. कोल्हापूरशेजारच्या सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हेही १९०६ चेच, आणि सँडहर्स्टचेच. सिंगापूरच्या शरणागतीनंतर ते आझाद हिंद सेनेत गेले आणि सुभाषबाबूंचे प्रमुख लष्करी सहकारी झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत उखडलेल्या निर्वासितांच्या मुलांना कवायत, खेळ आणि शिस्त यांतून उभे करणारी ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ त्यांनी १९५४ मध्ये सुरू केली. शिपायाचे कसब मतपेटीच्या मार्गाने लोकांच्या कामी आणता येते, याचा हा आपल्या भागातला पहिल्या पिढीतला नमुना.

दुसरी वाट अयुब खानांनी दाखवली होती. पुढारी नालायक आहेत, तेव्हा देश आम्हीच सांभाळतो, असे म्हणून १९५८ मध्ये त्यांनी सत्ता घेतली आणि १९६९ मध्ये दुसऱ्या एका सेनापतीच्या हाती देऊन निघून गेले. थोरातांनी हा जुना सोबती जवळून पाहिला होता. १९५९ मध्ये लखनौला बसलेल्या सेनापतीजवळ अयुबांपेक्षा खरी तक्रार होती, हाताखाली मोठी फौज होती, आणि शेजारी ताजे उदाहरण होते. त्याने काय केले? टिपण लिहिले. वरिष्ठांना पाठवले. ते डावलले गेल्यावर त्याच दारावर पुन्हा थाप मारली. नंतर नेमून दिलेल्या दिवशी निवृत्त झाला.

याला कोणी भिडस्तपणा म्हणेल. पण भारतात सेनापती राष्ट्रपती भवनावर चाल करून गेला नाही, हे आपण जे सहज गृहीत धरतो, ते अशाच माणसांच्या रोजच्या वागण्यातून आले आहे. खरे ते लिहून द्यायचे आणि निर्णय निवडून आलेल्यांवर सोडायचा, ही त्यांच्या बाजूची जबाबदारी होती. ती त्यांनी चोख पार पाडली. लिहिलेले वाचायचे, ही समोरच्या बाजूची.

आयोगाची खुर्ची

पुढे थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले, त्याचे नाव ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’. पहाटे जागवणाऱ्या बिगुलापासून सूर्यास्ताला निशाण उतरवणाऱ्या बिगुलापर्यंतचा दिवस. १९९२ च्या ऑगस्टमध्ये तो दिवस मावळला.

आयोगाची ती खुर्ची त्यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकली जाते. तिथे थोडे थांबायला हवे. लोकसेवा आयोगालाही हुकूम सोडण्याचा अधिकार नसतो. तो सल्ला देतो, सरकार ठरवते. सेनापतीच्या टिपणाची आणि आयोगाच्या शिफारशीची जात एकच. फरक आहे तो राज्यघटनेच्या ३२३ व्या कलमात. आयोगाने दरवर्षी अहवाल द्यायचा, आणि जिथे सरकारने त्याचा सल्ला मानला नसेल तिथे का मानला नाही याची कारणे लेखी जोडून सरकारने तो अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा.

एखाद्या कारकुनाची किंवा मामलेदाराची नेमणूक आयोगाचे न ऐकता केली, तर सभागृहाला कारण द्यावे लागते. नऊशे किलोमीटरच्या सीमेबद्दलचा सल्ला बाजूला सारताना मात्र कोणाला एक ओळही लिहावी लागली नव्हती. निवृत्तीनंतर त्या खुर्चीत बसून सरकारकडे शिफारशी पाठवणाऱ्या थोरातांना हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.